परसातील मोहोळ फुटते तेव्हा

आंब्याला मोहोर आला आणि शेवगा फुलांनी लवला, की आमच्या भागातील सातेरी माश्यांची घरे भरून वाहू लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ज्यांच्या परसदारी मधपेटी आहे, त्यांना या दिवसांत एक दृश्य पाहावयास मिळते. पेटीच्या दारातून माश्यांचा लोंढा बाहेर पडतो, अंगणावर घोंगावतो आणि काही मिनिटांत जवळच्या फांदीला घोसासारखा लटकतो. शेजारी खिडक्या लावून घेतात. कोणीतरी पलिता पेटवा म्हणून ओरडतो.

हा पलिता हीच आमच्या मते खरी आपत्ती. फुटलेले मोहोळ हल्ल्यास निघालेले नसते. निघताना प्रत्येक माशीने पोटभर मध घेतलेला असतो आणि राखावयास घर वा पिल्ले नसतात. म्हणून ती एरवीपेक्षा सौम्य असते. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. त्यातून जी मोहोळे तगली, त्यांच्यापासूनच ही जात पुन्हा सावरली. असे बियाणे जाळून टाकावे काय?

घोस काही तास, क्वचित एखाद-दोन दिवस थांबतो. तोवर शोधक माश्या ढोली आणि भगदाडे पाहून येतात व घोसावर नाचून दिशा-अंतर सांगतात. ही नाचाची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांना असे आढळले, की निरनिराळ्या जागा सुचविणाऱ्या माश्यांत हळूहळू एकमत होते आणि मगच थवा उडतो. जागेच्या प्रश्नावर दोन दिवसांत एकमत! सीमाभागात हयात काढलेल्या आम्हांस याचे नवल वाटल्यावाचून कसे राहील? आणखी एक नवल असे, की आपल्याकडे मुलगा-सून वेगळे बिऱ्हाड करतात. येथे जुनी राणीच भरले घर लेकीसाठी ठेवून निम्म्याअधिक कामकरी माश्यांसह बाहेर पडते.

घोस हाताशी असेल तर तोंडावर जाळी घेऊन, सायंकाळी त्यावर हलके पाणी शिंपडावे, खाली टोपली धरावी आणि फांदीला एकच झटका द्यावा. राणी आत पडली की उरलेल्या मागोमाग येतात. नव्या पेटीत पिल्लांची एक चौकट आवर्जून द्यावी. सातेरी मोठी मानी. रिकामे घर तिला रुचले नाही तर दुसऱ्या दिवशी चालू लागते.

हे झाले सातेरीचे, जिला कन्नड शेजारी तुडुवे म्हणतात. आग्या माशी, म्हणजे त्यांची हेज्जेनु, आकाराने बरीच मोठी. ती पेटीत नांदत नाही. तिचा थवा वाटेत विसावला तर दूर राहावे, मुलांना दूर ठेवावे आणि त्याला जाऊ द्यावे.

मोहोळ फुटणार हे आधी कळते. हंगामात आठवड्यास एकदा चौकटी पाहाव्यात. नरांची घरे वाढतात. त्यांच्या टोपणास बारीक छिद्र असते. मग पोळ्याच्या खालच्या कडेस भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीघरे लोंबू लागतात. अंड्यापासून सुमारे ८ दिवसांनी राणीघर बंद होते आणि जुनी राणी बहुधा त्याच सुमारास निघते. राणीघरे खुडत राहावी असे पुष्कळजण सांगतात. आम्हांस ते पटत नाही. एक नजरेतून सुटले की थवा गेलाच. त्यापेक्षा आपणच वाटणी करावी: जुनी राणी, पिल्लांच्या व मधाच्या काही चौकटी आणि पुरेशा माश्या नव्या पेटीत न्याव्यात.

जुन्या पेटीत मात्र एक चांगले राणीघर ठेवून बाकीची काढावीत. नाहीतर पाठोपाठ दुसरा थवा निघतो आणि पेटी ओस पडते. नवी राणी मीलनासाठी बाहेर जाऊन परत येईपर्यंत, सुमारे दोन आठवडे, झाकण उघडू नये.