ब्रूनोचा खुराक

माणसाचं वजन चारचौघांत विचारू नये, एवढे मॅनर्स मला आहेत. पण कुत्र्याचं विचारलं तर राग कुणाला येणार? येतो, मंडळी! कुत्र्याला नाही, त्याला खायला घालणाऱ्याला येतो.

गेल्या दिवाळीत बारामतीला घरी पोचले. एरवी गाडीचा हॉर्न ऐकून गेटवर उडी मारणारा आमचा ब्रूनो अंगणातून डुलत डुलत आला आणि माझ्यापर्यंत येईतो धापा टाकायला लागला. मागच्या सीटवर चढायला गेला तर पुढचे पाय वर आणि मागचे जमिनीवरच. "बाबा, याचं वजन किती झालंय?" मी विचारलं. बाबांचा चेहरा पडला. "वजन कसलं? चांगला भरलाय. तुझ्यासारखं डाएट नाही करत तो!"

ब्रूनो खरं तर माझा. सहा वर्षांचा लॅब. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या फ्लॅटमधून त्याला घेऊन बारामती गाठली. ऑफिस परत सुरू झालं तेव्हा मी पुण्याला आले, तो बाबांकडेच राहिला. रिटायर झालेल्या बाबांचं टाइमटेबलच ब्रूनो आहे. त्यामुळे त्याच्या खाण्यावर बोलणं म्हणजे थेट बाबांच्या प्रेमावर बोलणं. डोक्याला शॉट!

वजन करायचं तर घरच्या काट्यावर तो मावेना. शेवटी बाबांच्या एका मित्राच्या अडतीवर, पोती मोजायच्या काट्यावर उभा केला. ४१ किलो. हमाल हसले. बाबा हसले नाहीत.

डॉक्टरांनी आधी थायरॉइडची टेस्ट करून घेतली. ती नॉर्मल आली. मग त्यांनी एक फंडा सांगितला, तो तुम्ही आजच करून बघा. हाताची मूठ वळा आणि बोटांच्या उंच हाडांवरून दुसरा हात फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर तो बारीक. हात सरळ करून पालथ्या पंजावरून बोट फिरवल्यावर जसं लागतं तशा लागल्या तर झकास. आणि तळव्याच्या गादीसारखं लागलं, म्हणजे बरगडी शोधावी लागली, तर जाड. ब्रूनोच्या बरगड्या मला सापडल्याच नाहीत. त्याचं टार्गेट ठरलं ३३ किलो.

पुण्यात आल्या आल्या मी पेट शॉप गाठलं. 'प्रीमियम', 'लाइट', 'ग्रेन-फ्री'... पिशव्यांच्या भिंतीसमोर मी एखाद्या सेलमध्ये हरवल्यासारखी उभी! तासाभराने कळलं ते असं. पुढची बाजू विसरा, पिशवी उलटी करा. 'ग्रेन-फ्री' म्हणजे धान्य नाही, कॅलरी कमी असं अजिबात नाही. अमेरिकेत कोरड्या खाण्यावर 'लाइट' छापायचं तर किलोला ३१०० कॅलरींच्या वर जाता येत नाही. हा आकडा लक्षात ठेवा. तुमच्या पिशवीवर कॅलरी छापल्या असतील तर उत्तम, नसतील तर मोबाइल काढा. प्रोटीनच्या टक्क्यांना ३.५ ने गुणा, फॅटच्या टक्क्यांना ८.५ ने. शंभरातून प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि राख वजा केलं की उरतात कार्ब्ज, त्यांना परत ३.५. (राख छापली नसेल तर ८ धरा.) बेरीज म्हणजे १०० ग्रॅममधल्या अंदाजे कॅलरी. ब्रूनोची जुनी पिशवी निघाली ३३३ ची. वजन कमी करायची, जास्त प्रोटीन आणि जास्त फायबरवाली पिशवी २९२ ची.

फरक एवढासाच? मग जुनंच खाणं निम्मं का घालू नये? हाच प्रश्न मी डॉक्टरांना फोनवर विचारला. ते म्हणाले, निम्मं केलंत की प्रोटीन आणि व्हिटॅमिनंही निम्मी होतात. चरबीऐवजी स्नायू झडतात, आणि भुकेला कुत्रा घर डोक्यावर घेतो ते वेगळंच. फायबरने पोट भरल्यासारखं वाटतं. रॉयल कॅनिनचं 'सटायटी' किंवा हिल्सचं 'मेटाबॉलिक' ही खास वजन उतरवण्यासाठीची खाणी आहेत, पण ती डॉक्टरांना विचारूनच सुरू करायची.

आता किती घालायचं? ३३ ला ३३ ने गुणा, परत ३३ ने गुणा. उत्तराचं दोनदा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. ९६० च्या आसपास येतं. वजन उतरवताना ब्रूनोला दिवसाला एवढ्याच कॅलरी. लक्षात घ्या, हिशोब आजच्या ४१ चा नाही, उद्याच्या ३३ चा.

मग मी आईला फोन करून त्याचा खरा मेनू काढून घेतला. ४०० ग्रॅम कोरडं खाणं, म्हणजे १३३०. बाबांच्या नाश्त्याबरोबर, दुपारी आणि रात्री एकेक पोळी, म्हणजे तीनशे. म्हशीचं कपभर दूध, दोनशे. चहाच्या वेळेला सहा ग्लुकोज बिस्किटं, दीडशे. टोटल दोन हजाराला टेकली! पिशवी कुठलीही आणली असती तरी पोळी, दूध आणि बिस्किटं साडेसहाशेचा फराळ वरून घालतच होती.

पुढच्या वीकएंडला मी प्रिंटआउट घेऊन बारामतीत हजर. आई म्हणाली, "अहो, ऐकून तरी घ्या तिचं." बाबांनी कागद बाजूला ठेवला. "मुका जीव माझ्या ताटाकडे बघत बसतो आणि मी एकटा जेवू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर बाबांच्याच गोठ्यात होतं. आमच्याकडे वीस वर्षं गाई होत्या. मी विचारलं, "बाबा, गाईला गोळी पेंड किती घालायचात?" "दीड किलो तिच्या शरीराला, वर दुधाच्या लिटरमागे चारशे ग्रॅम." उत्तर झोपेतसुद्धा आलं असतं. "आणि आटलेल्या गाईला?" "तिला दुधाचा खुराक कशाला? चरबी धरेल, व्यायला त्रास..." बाबा थांबले. ब्रूनोकडे बघितलं. मग उठून किचनमधला काटा घेऊन आले.

त्या दिवसापासून खुराक खातं बाबांकडे. कपाने मोजायचं नाही, काट्यावर ग्रॅममध्ये. रोज ३०० ग्रॅम, दोन वेळेला. जुन्यात नवं हळूहळू मिसळत दहा दिवसांत पूर्ण बदललं. वरच्या खाऊला एकूण कॅलरींच्या दहा टक्के, म्हणजे ९५ च्या आसपास. त्यात बाबांच्या नाश्त्यातली अर्धी पोळी बसली आणि गाजर-काकडी. तो ताटाकडे बघतो, बाबा देतात, दोघंही खूश. संध्याकाळी नीरा डाव्या कालव्याच्या कडेने चक्कर. दर रविवारी अडतीवर वजन. आठवड्याला एक टक्का, म्हणजे चारशे ग्रॅम उतरले तरी पुष्कळ.

सगळं मस्त चाललं होतं आणि फेब्रुवारीत आम्ही चार दिवस इंदापूरला आजोळी गेलो. परत आल्यावर काटा सातशे ग्रॅम वर! मामाच्या घरात नऊ माणसं. प्रत्येकाने शपथेवर सांगितलं, "फक्त चतकोर दिली गं." नऊ चतकोर भाकऱ्या म्हणजे सव्वादोन भाकऱ्या, जवळजवळ साडेचारशे कॅलरी, तेही रोज. आजी तर उखडलीच. "आगं बया, आमच्या दारातलं कुत्रं कधी जाड झालं न्हाई. भाकरीच खायचं की!" आजी बरोबरच होती. तिचं कुत्रं उसाच्या फडात दिवसभर पळायचं आणि भाकरीच खायचं. ब्रूनो पिशवीही खातो आणि भाकरीही, आणि पळतो फक्त किचनपर्यंत.

आता इंदापूरला जाताना त्याच्या ३०० ग्रॅमचा डबा बरोबर असतो. ज्याला लाड करायचेत त्याने त्यातलेच चार दाणे द्यायचे. भाकरीचा चतकोर फक्त आजीचा, त्या दिवशी बाबांची अर्धी पोळी बंद. ब्रूनोला काय, हातातून आलेला दाणाही प्रसादच.

हे एवढं कशासाठी? अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर चौदा वर्षं चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगली, आणि सांधेदुखीही त्यांना उशिरा गाठली. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भूक वाढवणारा जीनचा बदल असतो. म्हणजे तो मागणार, मागतच राहणार. थांबायचं कुठे हे आपणच ठरवायचं. दोन वर्षं म्हणजे कालव्यावरच्या सातशेहून जास्त संध्याकाळी, हे मी बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण त्या रात्री दुपारचं खाणं त्यांनी परत एकदा मोजून बघितलं.

या रविवारी नेहमीप्रमाणे अडतीवरून फोन आला. "पस्तीस किलो सहाशे! गाडीत स्वतः चढला आज." मागे हमालांचा आवाज, कुणीतरी हसत होतं. मी विचारलं, "आणि बाबा, तुमचं? तुम्ही पण चढलात काट्यावर?"

"ठेवतो फोन," बाबा म्हणाले. "माणसाचं वजन चारचौघांत विचारू नये."