काचसंग्रहातील वाट

वस्तू जमविणे हे संग्राहकाचे अर्धे कार्य होय. ती शोधणाऱ्यास सापडेल अशी ठेवणे हे उरलेले अर्धे. आदिलाबादहून सुमारे ३०० किलोमीटरांवर, हैदराबादेत, सालारजंग वस्तुसंग्रहालय आहे. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान यांचा हा संग्रह १९५१ साली सर्वांस खुला झाला. त्यात व्हेनिस, बोहेमिया, इंग्लंड, फ्रान्स येथील काचपात्रेही आहेत. इतक्या दुरून जाणाऱ्या विद्यार्थ्याजवळ वेळ मात्र काही तासांचाच असतो.

म्हणून आमचे मत असे की, कोणत्याही काचसंग्रहाच्या द्वाराशीच दालनांचा नकाशा असावा आणि सूची दोन असाव्यात: एक देशवार, दुसरी घडणीनुसार. 'फुंकून घडविलेली', 'पैलू पाडलेली', 'मुलामा दिलेली' असे सदर काढताच त्या जातीची पात्रे कोणत्या कपाटात आहेत ते कळावे. सूचीतील क्रमांक वस्तूवरही असावा. आणि नावे तेलुगू, उर्दू व मराठीतही लिहावीत.

कोणी म्हणतील, हिंडता हिंडता अवचित काही गवसण्यातच मौज आहे. ती आम्हांसही मान्य आहे. परंतु ती सवड असणाऱ्याची मौज. ज्यास परतीची गाडी गाठावयाची आहे, त्यास वाट दाखविणे हे संग्राहकाचे कर्तव्यच होय. विद्यार्थिमित्रांनी घरच्या फडताळातील जुन्या बरण्यांची अशी सूची करून पाहावी. मग या कामाचे मोल कळेल.