विश्लेषण : फिनलंडमध्ये सातव्या वर्षी शाळा, पण तोवर मुलांना सांभाळते कोण?

फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी पहिलीत जाते, गृहपाठ कमी असतो, पहिल्या नऊ वर्षांत देशपातळीवरची सक्तीची परीक्षा नसते. ही माहिती अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि ‘आपल्याकडेही हेच हवे’ अशी चर्चा रंगते. माहिती खरी आहे, पण अर्धी.

शाळा सक्तीची केव्हापासून?

फ्रान्समध्ये २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचे आहे. इंग्लंडमध्ये ही अट पाचव्या वर्षी लागू होते. फिनलंडमध्ये पहिली सातव्या वर्षी असली, तरी त्याआधीचे एक वर्षाचे पूर्वप्राथमिक शिक्षण २०१५ पासून सक्तीचे आहे. भारतात शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण असावीत, असे सांगते.

फिनलंडमध्ये तोवर काय सोय असते?

२०२२च्या सुधारणेनंतर आई आणि वडील दोघांनाही प्रत्येकी १६० दिवसांचा पालकत्व भत्ता मिळतो. त्यातले ६३ दिवस एकमेकांना देता येतात. बाकीचे ज्याचे त्यानेच घ्यायचे. भत्ता सामाजिक विमा संस्थेकडून मिळतो. पुढे पालिकेच्या पाळणाघरात जागा मिळणे हा मुलाचा हक्क आहे. शुल्क उत्पन्नानुसार ठरते, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ते माफ असते. तीन वर्षांखालील मुलाला घरीच सांभाळायचे असेल तर वेगळा भत्ता आहे. म्हणजे शाळा उशिरा असली तरी सरकारची जबाबदारी उशिरा सुरू होत नाही.

हे मॉडेल निर्दोष आहे का?

नाही. ‘पिसा’ चाचणीत फिनलंडचे गणिताचे सरासरी गुण २००६ मध्ये ५४८ होते, २०२२ मध्ये ते ४८४ पर्यंत घसरले. त्यामुळे उशिरा शाळा म्हणजे हमखास हुशार मुले, हे समीकरणही टिकत नाही.

भारतात काय स्थिती आहे?

२०१७च्या दुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली. मात्र ‘ईएसआय’च्या कक्षेबाहेरील नोकऱ्यांत या रजेचा पगार मालकानेच द्यायचा असतो, त्यामुळे तरुण महिलांना नोकरी देताना कंपन्या हात आखडता घेण्याची भीती राहते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रातील वडिलांसाठी मात्र कायद्याची सक्ती नाही. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक आहे. पण शेतात राबणारी, घरकाम करणारी किंवा बांधकामावर रोजंदारीने जाणारी आई या चौकटीत बसतच नाही.

मग घ्यायचे काय?

उत्तर परदेशातच शोधण्याची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे मुलांच्या अंगणात शाळा नेली. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ पासून चालू असल्याने गावोगावी अंगणवाडी आहे. पण ती काही तासांतच सुटते आणि आईची पाळी किंवा मजुरी संध्याकाळपर्यंत चालते. मधल्या वेळेत लहानग्याला आजी सांभाळते, नाही तर मोठ्या बहिणीची शाळा बुडते. पदरी पैसे असलेले पालक तिसऱ्या वर्षीच नर्सरीचे शुल्क भरून ही सोय विकत घेतात.

पहिलीचे वय परिपत्रकाने वाढवता येते. अंगणवाडी दिवसभर चालवायची तर सेविकांना पूर्णवेळ वेतन, जागा आणि निधी लागतो. फिनलंडकडून घ्यायचाच असेल तर हा दुसरा, खर्चाचा भाग आधी घ्यायला हवा. नुसते वय वाढवले, तर वाढलेले वर्ष घरातल्या बाईच्याच अंगावर पडेल.