सज्जन नीरस असतो काय?

लेखी कुस्तीच्या खेळात रमणाऱ्या तरुणांकडून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘दुष्टाची भूमिका लिहिण्यात जी मजा आहे, ती सज्जनाच्या भूमिकेत नाही.’ त्यांच्या आईवडिलांकडून दुसरे वाक्य ऐकू येते : ‘दुष्टाची भूमिका लिहिणे ख्रिस्ती मुलाला शोभत नाही.’ मला ही दोन्ही विधाने मान्य नाहीत. वरकरणी ती परस्परविरोधी दिसतात. परंतु दोहोंच्या मुळाशी समजूत एकच आहे. दुष्टपणा आकर्षक आणि चांगुलपणा रुक्ष, हे दोन्ही पक्षांनी मनोमन मान्य करून टाकले आहे. एक पक्ष त्या आकर्षणाच्या आहारी जातो, दुसरा त्याला भितो, एवढाच काय तो फरक. या समजुतीचा समाचार घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हा खेळ काय आहे ते पाहू. कोल्हापूरच्या खासबाग मैदानातील लाल मातीची कुस्ती निराळी आणि नव्वदच्या दशकात दूरदर्शन संचांवरून व पत्त्यांच्या ‘ट्रम्प कार्डां’वरून आपल्या घरांत शिरलेली अमेरिकन कुस्ती निराळी. या दुसऱ्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर तेथील सर्वांत मोठ्या कुस्ती कंपनीने स्वतःच हे उघड केले. आपला धंदा क्रीडेचा नसून करमणुकीचा आहे असे सांगून तिने शासकीय क्रीडानियमांतून सुटका करून घेतली. तेव्हा ही कुस्ती म्हणजे एक प्रकारचे नाटकच. त्यात सज्जन मल्लाला ‘फेस’ म्हणतात, दुर्जनाला ‘हील’ म्हणतात आणि एकाने दुसऱ्याची बाजू घेण्याला ‘टर्न’ म्हणतात.

या नाटकाची नक्कल करणारा लेखनाचा खेळ म्हणजे ‘ई-फेड’. पूर्वी तो टपालाने चाले, पुढे संगणकाद्वारे चालू लागला. प्रत्येक लेखक एक मल्ल निर्माण करतो. त्याचे नाव, उंची, वजन, प्रवेशाचे संगीत, हुकमी डाव आणि बाजू हे सारे तोच ठरवितो. सामन्यापूर्वी दोन्ही लेखक आपापल्या मल्लाच्या तोंडी आव्हानाचे भाषण किंवा एखादा कथाप्रसंग लिहितात. पुष्कळ ठिकाणी ज्याचे लेखन सरस, त्याचा मल्ल विजयी ठरतो. म्हणजे येथे बळ दंडाचे नव्हे, लेखणीचे असते. वाचनाची गोडी आटत चालली आहे अशी हाकाटी आपण उठसूट करतो. त्या काळात एखादा मुलगा आठवड्याला चार पाने लिहीत असेल, तर त्याच्या हातातून कागद ओढून घेण्यापूर्वी पालकांनी थोडा विचार करावा.

दुष्टाचे सोंग घेणे हे पाप आहे काय? ख्रिस्तसभेत हा वाद फार जुना आहे. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियनने सार्वजनिक खेळांविरुद्ध एक जळजळीत ग्रंथ लिहिला. मुखवटा धारण करणे हेच मुळी त्याला सत्याशी द्रोह करणारे वाटले. परंतु ख्रिस्तसभेने त्याचे म्हणणे जसेच्या तसे उचलून धरले नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी स्पष्ट सांगितले की, शरीराला जशी विश्रांती लागते तशी मनाला क्रीडा लागते. नटाचा व्यवसाय स्वभावतः निषिद्ध नाही, मात्र त्यात अभद्र वाणी व वर्तन नसावे आणि मर्यादा असावी. नटांचे आश्रयदाते संत जेनेशियस यांची कथा तर सर्वश्रुत आहे. परंपरा सांगते की, सम्राट डायोक्लेशियनच्या काळी रोममध्ये ते स्नानसंस्काराची टवाळी करणाऱ्या प्रहसनात भूमिका करीत होते. रंगमंचावरच त्यांना श्रद्धेचा स्पर्श झाला आणि त्यांनी हौतात्म्य पत्करले. टवाळखोराच्या भूमिकेतही देवाची कृपा प्रवेश करू शकते, हे ज्या ख्रिस्तसभेने वेदीवर मान्य केले, तिच्या लेकरांनी एका काल्पनिक मल्लाला का भ्यावे?

याहून जवळचा दाखला देतो. झावळ्यांच्या रविवारी आणि उत्तम शुक्रवारी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो, तेव्हा जमावाचे शब्द अनेक मंदिरांत सर्व भाविकांकडून म्हणवून घेतले जातात. प्रभूला क्रूसावर खिळण्याची मागणी कोण करते? आपणच करतो. आजी करते, प्रथम कम्युनियन घेतलेली नात करते, गायकवृंद करतो. वर्षानुवर्षे आपण सर्वांनी दुष्टाची भूमिका मोठ्याने वठविली आहे, तीही पवित्र उपासनेत. त्यामागे उपासनेचा हेतू खोल आहे. त्या गर्दीत मी नव्हतो असे कोणाही भाविकाला म्हणता येऊ नये, म्हणून ते शब्द त्याच्या जिभेवर ठेवले जातात. दुष्टाचे शब्द प्रामाणिकपणे उच्चारणाऱ्याला स्वतःच्या अंतःकरणाची ओळख पटते. ज्या मुलाने गर्विष्ठ मल्लाचे भाषण नीट लिहिले, त्याला गर्व कसा बोलतो हे कळले. पापनिवेदनापूर्वी करावयाच्या आत्मपरीक्षणात हे ज्ञान निरुपयोगी खचितच नाही.

येथवर पालकांशी बोललो. आता तरुण लेखकांशी थोडे रोखठोक बोलतो.

दुष्ट पात्र रंगते याचे कारण दुष्टतेत नाही. ते खेळाच्या घडणीत आहे. या खेळातील मुख्य लेखनप्रकार म्हणजे आव्हानाचे भाषण. आव्हानात बढाई चालते, शिवी चालते, उपहास चालतो. दुष्टाला प्रतिस्पर्ध्याच्या चपलांपासून घराण्यापर्यंत वाटेल त्यावर तोंडसुख घेता येते; त्याला विषय आयता मिळतो. शिवाय त्याला काहीतरी हवे असते आणि ते मिळविण्यासाठी तो हालचाल करतो. सज्जन मात्र त्याच्या हालचालीची वाट पाहत उभा. मग लेखक काय करतो? सज्जनाच्या तोंडी उपदेश घालतो. मी स्वतः दर रविवारी प्रवचन करणारा मनुष्य आहे; तेव्हा अधिकाराने सांगतो की, उपदेश हे चांगुलपणाचे सर्वांत स्वस्त सोंग आहे.

याचा पुरावा अमेरिकन कुस्तीच्याच इतिहासात आहे. १९९६ सालचा उन्हाळा घ्या. २३ जून रोजी मिलवॉकी येथे ‘किंग ऑफ द रिंग’ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्टीव्ह ऑस्टिन या दुष्ट मल्लाने जेक रॉबर्ट्सला हरविले. रॉबर्ट्स त्या काळी बायबलची वचने सांगणारा, पश्चात्ताप पावलेला मनुष्य म्हणून रिंगणात येई. त्याच्या अजगराचे नावदेखील प्रकटीकरणाच्या पुस्तकावरून ठेवलेले होते. विजयानंतर ऑस्टिनने योहानाच्या शुभवर्तमानातील ३:१६ या संदर्भाची उघड टिंगल केली आणि त्या जागी स्वतःचे नाव घातले. ‘ऑस्टिन ३:१६’ ही अक्षरे छापलेले सदरे पुढे अमाप खपले. त्यानंतर अवघ्या १४ दिवसांनी, ७ जुलै रोजी, डेटोना बीच येथे दुसऱ्या कंपनीच्या रिंगणात हल्क होगन दुष्टांना जाऊन मिळाला. प्रार्थना करा, जीवनसत्त्वे घ्या, असे मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलेला हा नायक! प्रेक्षकांनी रिंगणात कचरा फेकला.

या दोन घटनांवरून पुष्कळांनी निष्कर्ष काढला की, सज्जनांचा जमाना संपला. तो निष्कर्ष उतावीळ आहे. प्रेक्षक विटले होते ते चांगुलपणाला नव्हे, त्याच्या गणवेशाला. एका पात्राने शास्त्रवचन अंगरख्यासारखे पांघरले होते. दुसरे पात्र जाता-येता सल्ला देई आणि बहुधा जिंकतच असे. ज्याला काही गमवावे लागत नाही, त्याच्या सद्गुणाची परीक्षा कोठे झाली? परीक्षा न झालेला सद्गुण पाहण्यात कोणाला रस असणार?

नऊ महिन्यांनी काय घडले ते पाहा. २३ मार्च १९९७ रोजी शिकागोनजीक रोझमाँट येथे ‘रेसलमेनिया’च्या तेराव्या सोहळ्यात ऑस्टिनची गाठ ब्रेट हार्टशी पडली. हार्ट हा सज्जन, ऑस्टिन हा दुर्जन. अट अशी की, एकाने शरणागती पत्करल्याशिवाय सामना संपणार नाही. हार्टने त्याला आपल्या हुकमी पेचात जखडले. ऑस्टिनचा चेहरा रक्ताने माखला, पण शरण आल्याचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. शेवटी तो शुद्ध हरपून पडला. सामना संपल्यावरही हार्ट त्याला मारीत राहिला. त्या एका रात्री प्रेक्षकांनी बाजू बदलली. दुर्जन त्यांचा नायक झाला आणि सज्जन खलनायक ठरला.

प्रेक्षकांनी त्या रात्री कशाला मान दिला? शिवीगाळीला? ती तर तो वर्षभर करीतच होता. त्यांनी मान दिला तो सोसण्याला. संत थॉमस म्हणतात की, धैर्य या सद्गुणाचे मुख्य कर्म चढाई हे नसून सोसून टिकून राहणे हे आहे. कुस्तीच्या मंडपात बसलेल्या हजारो प्रेक्षकांनी हे तत्त्वज्ञान वाचले नव्हते. तरी त्यांनी ते अचूक ओळखले. तरुण मित्रांनो, लोकांना सद्गुण नकोसा झाला आहे असे कृपया म्हणू नका. सद्गुण खरोखर दिसला की लोक उभे राहून टाळ्या वाजवितात. तो दाखविण्याचे कष्ट लेखकाने घेतले पाहिजेत.

ते कष्ट कोणते? आपल्या सज्जनाला काहीतरी मनापासून हवे असू द्या. त्याला मोह होऊ द्या आणि तो मोह वाचकालाही पटू द्या. त्याला हरू द्या. त्याचा चांगुलपणा त्याला महाग पडू द्या. त्याच्या तोंडची नीतिवचने काढून टाका आणि त्याचे हात काय करतात ते लिहा. कोंबडा आरवताच रडणारा पेत्र नीरस वाटतो काय? उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ आठवा. त्याने आज्ञा मोडली नाही, शेतात राबला, आणि तरी मेजवानीच्या दारात रुसून उभा राहिला. तो आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेच नाही. दोन हजार वर्षे झाली, वाचक अजून त्याच्याबरोबर उंबरठ्यावर उभा आहे. सज्जनाचे चित्रण असे करावयाचे असते.

दुष्टाची भूमिका लिहिणाऱ्यांनाही दोन पथ्ये सांगणे अगत्याचे आहे. पहिले पथ्य रिंगणातीलच आहे. जुन्या पद्धतीत सामन्याची सूत्रे बहुधा हीलकडे असत. पुढचा डाव तो हळूच सांगे आणि प्रतिस्पर्ध्याला आपटताना त्याची मान सांभाळी. प्रेक्षकांसमोर जो वैरी, तोच त्या शरीराचा राखणदार! लेखणीच्या खेळातही हेच व्हावे. तुमच्या पात्राने समोरच्या पात्राला हवे तेवढे झोडपावे. त्या पात्रामागील लेखकाला मात्र ओरखडाही उठू नये. त्याचे शिक्षण, त्याचे व्यंग, त्याची इंग्रजी यांवर घसरलात, तर तो खेळ राहिला नाही. ते शेजाऱ्याविरुद्धचे पाप झाले आणि ‘माझे पात्र बोलले, मी नव्हे’ ही सबब तेथे चालणार नाही.

दुसरे पथ्य अधिक गंभीर आहे. दुष्ट हा त्याच्या कृत्यांनी दुष्ट ठरावा, जन्माने नव्हे. अमेरिकन कुस्तीने या बाबतीत मोठे अपराध केले आहेत. २००४ साली मुहम्मद हसन नावाचे पात्र आणले गेले. ते वठविणारा नट इटालियन वंशाचा अमेरिकन होता. ११ सप्टेंबर २००१ नंतर आपल्या अरब समाजाकडे संशयाने पाहिले जाते, ही त्या पात्राची तक्रार होती. तक्रार खरी, आणि तीच हुर्यो उडविण्याचे निमित्त केली गेली. बुरखाधारी साथीदारांकरवी त्याने घडवून आणलेल्या हल्ल्याचा प्रसंग ७ जुलै २००५ रोजी प्रक्षेपित झाला. त्याच दिवशी लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले होते. त्याच महिन्यात ते पात्र बंद करण्यात आले. २०१७ साली पंजाबी वंशाचा कॅनेडियन मल्ल जिंदर महाल विजेता झाला, तेव्हा त्याच्या परकेपणावरच त्याचे खलनायकत्व उभे केले होते. म्हणजे त्या रंगमंचावर हुर्यो झेलणारा चेहरा आपल्याही मुलांचा असू शकतो.

आपण कॅथलिकांनी याविषयी विशेष जागरूक असावे, कारण हा दोष आपल्याही घरात होता. बव्हेरियातील ओबरआमरगाऊ गावाने १६३३ साली प्लेगच्या संकटात नवस केला आणि १६३४ पासून तेथे प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक होत आले. त्या नाटकात यहुदी लोकांचे चित्रण दीर्घकाळ विद्वेषाला खतपाणी घालणारे होते. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने प्रभूच्या मरणाचा दोष सरसकट यहुदी समाजावर ठेवता येणार नाही असे घोषित केले, आणि पुढील दशकांत त्या नाटकाची संहिता पुनःपुन्हा सुधारण्यात आली. एका गावाला आपले पवित्र नाटक दुरुस्त करता आले, तर आपल्या मुलाला आपल्या काल्पनिक मल्लाचे नाव व वेश खासच बदलता येईल.

तात्पर्य, पालकहो, मुलाने दुष्टाचे भाषण लिहिले म्हणून घाबरून जाऊ नका, ते वाचा. त्याचा दुष्ट कोणाला दुखावतो आहे ते विचारा. मग त्याला सांगा : आता याला टक्कर देणारा सज्जन लिहून दाखव. तो कुरकुर करील, सज्जन जमत नाही म्हणेल. तेथेच त्याचे खरे शिक्षण सुरू होईल. ज्या तरुणाला चांगला मनुष्य रंगवून लिहिता येत नाही, त्याने चांगली माणसे पुरेशी जवळून पाहिलेली नाहीत. ती त्याला दाखविण्याची जबाबदारी कुस्ती कंपन्यांची नव्हे. ती आपल्या घरांची आणि आपल्या धर्मग्रामाची आहे.