नळजोडणीचे पैसे द्या, पण कशाचे ते विचारून



आमच्या एका बॅचमधल्या ताईंनी पोळी-भाजी केंद्रासाठी गाळा घेतला. डिपॉझिट, शेगडी, फ्रीज, बोर्ड, सगळं वहीत लिहिलेलं. फक्त पाणी लिहिलेलं नव्हतं. "नळ तर आहेच की, सर!" नळ होता, पण घरगुती जोडणीचा. व्यावसायिक जोडणीचा अर्ज केला, मागणीपत्र हातात आलं आणि किराण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे तिथेच संपले. रक्कम बरोबर की चूक हे ताईंना सांगता येईना, कारण कागदावर एकच आकडा होता.

शहराने जोडणीचे पैसे घेऊच नयेत, असं मी म्हणणार नाही. घ्यावेत. पण त्या आकड्याची फोड झाली पाहिजे. आपण गिऱ्हाइकाला बिल देतो तेव्हा वस्तू, नग आणि दर लिहितोच ना?

आता हिशोब बघा. जोडणीच्या पैशात साधारण तीन गोष्टी येतात. पहिली, प्रत्यक्ष कामाचा खर्च: मुख्य लाईनला जोड, मीटर, रस्ता खोदणं आणि तो पुन्हा नीट करणं. दुसरी, वाटा. टाकी, शुद्धीकरण केंद्र, मोठ्या पाईपलाईन, ड्रेनेजचं जाळं हे सगळं जुन्या लोकांच्या करातून आधीच उभं राहिलंय. नवा माणूस त्यात सामील होतोय, तर त्याने थोडा वाटा उचलावा, हे न्यायाचंच आहे. तिसरी, अनामत. ती खर्च नाही, तुमचीच ठेव आहे. पावती जपून ठेवा.

कर आणि शुल्क यातला फरकही लक्षात घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात तो सांगितला: शुल्क हे दिलेल्या सेवेच्या बदल्यात असतं. नंतरच्या निकालांनी हे जरा सैल केलं. पैशापैशाचा मेळ बसलाच पाहिजे असं नाही, पण सेवा आणि शुल्क यांचं ढोबळ नातं तरी हवंच.

माझी खरी तक्रार 'व्यावसायिक' या शिक्क्याबद्दल आहे. एका टेलरच्या दुकानात दोन माणसं, एक बेसिन. शेजारी हॉटेल, दिवसभर भांडी घासणं चालू, तेलकट पाणी गटारात. दोघेही व्यावसायिक! टेलरचं पाणी तर एखाद्या फ्लॅटपेक्षाही कमी. मग दोघांना एकच दर कशासाठी?

यापेक्षा पाईपचा आकार हे माप सरळ आहे. 15 मिलिमीटरच्या पाईपपेक्षा 25 मिलिमीटरच्या पाईपचं तोंड जवळजवळ पावणेतीनपट मोठं असतं. जो मोठं तोंड मागतो, त्याने मोठा वाटा द्यावा. अमेरिकेतली बरीच शहरं नव्या जोडणीचं शुल्क मीटरच्या क्षमतेवर ठरवतात: सर्वांत लहान मीटर म्हणजे एक वाटा, तर एक इंची मीटर म्हणजे अडीच वाटे. ड्रेनेजसाठी मात्र किती आणि कसलं पाणी सोडता, हेही बघावं. हॉटेलवाल्याने तेल-चरबी अडवणारा चेंबर बसवला, तर त्याला सवलत द्यावी.

कुणी म्हणेल, "सर, छोट्यांसाठी शुल्कच माफ करा." नको. माफ केलेला खर्च पाणीपट्टीतून सगळ्यांच्या अंगावर येतो. पण दर अवाच्या सवा ठेवला, तर लोक चोरून नळ घेतात किंवा टँकर मागवतात, आणि शहराच्या हाती काहीच लागत नाही.

मग तुम्ही काय करायचं?

गाळ्याचा करार करण्याआधी जोडणी घरगुती आहे की व्यावसायिक, किती मिलिमीटरची आहे आणि जुनी थकबाकी आहे का, हे तपासा. वॉर्ड ऑफिसात दरपत्रक मागा. मागणीपत्रावर फोड नसेल तर लेखी अर्ज द्या. उत्तर आलं नाही, तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे: 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत.

आणि एकट्याने भांडू नका. मुंबई सोडून इतर महापालिकांना लागू असलेल्या 1949 च्या अधिनियमात पुढच्या वर्षीच्या करांचे दर 20 फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. बजेटची चर्चा याच दिवसांत चालू असते. त्याआधी, डिसेंबर-जानेवारीतच तुमच्या व्यापारी संघटनेचं पत्र आयुक्तांकडे आणि नगरसेवकांकडे गेलं पाहिजे. मार्चमध्ये ओरडून काय उपयोग?

ताईंचं केंद्र चालू झालं, पण महिनाभर उशिरा. त्या महिन्याचं भाडं कुठल्याच दरपत्रकात नव्हतं, तरी भरावं लागलं. तुमच्या वहीत आजच एक ओळ वाढवा: पाणी आणि ड्रेनेज.

भेटू पुढच्या व्हिडिओत!