त्सुकुबाच्या खिडकीतून : नामांकनांचं पंचांग



दिवाळीच्या फराळाचे डबे धुऊन पालथे पडले, चिवड्यातला उरलेला कढीपत्ताही कुणीतरी खाऊन टाकला, की आमच्या त्सुकुबाच्या चार-सहा मराठी घरांत एक वेगळाच हंगाम सुरू होतो: ऑस्करच्या नामांकनांचे अंदाज बांधण्याचा. हसू नका. हे गावच मुळी अंदाज बांधणाऱ्यांचं आहे. हवामान संशोधन संस्था इथे, अंतराळ केंद्र इथे, कण एकमेकांवर आपटून बघणारं केईके इथे. आमच्यात घरटी एक माणूस आलेख काढून पोट भरतो. अशा लोकांना शनिवारी संध्याकाळी पोह्यांबरोबर करमणूक म्हणून काय द्यायचं? पत्त्यांचा कंटाळा आला तेव्हा कुणीतरी चौकटीच्या कागदावर रकाने आखले आणि खेळ जमून गेला.

नियम सोपे. जानेवारीच्या पहिल्या रविवारपर्यंत प्रत्येक घराने आपलं पत्रक भरायचं. नामांकनं जाहीर होतात लॉस एंजेलिसला पहाटे साडेपाचला, म्हणजे आपल्याकडे त्याच दिवशी रात्री साडेदहाला. मुलांना दुसऱ्या दिवशी शाळा असते, तरी त्या रात्री जागायला सूट. ज्या घराचे अंदाज सर्वांत कमी बरोबर येतील त्याने सगळ्यांना श्रीखंड करून घालायचं. इथलं पातळ दही टांगून दहा-बारा माणसांपुरता चक्का करणं ही काय शिक्षा आहे, ते इथल्या बायकांना (आणि हल्ली दोन पुरुषांनाही) विचारा.

माझ्यावर अजून ही पाळी आलेली नाही. मला सिनेमा फार कळतो असं नव्हे. मी सिनेमाचा अंदाज करतच नाही, मत देणाऱ्याचा करते. आमचे एक स्नेही, धातुशास्त्रातले संशोधक, दरवर्षी परदेशी चित्रपटांच्या रकान्यात पहिलं नाव भारताचं लिहितात आणि दरवर्षी चक्का टांगतात. त्यांना म्हटलं, ‘अहो, प्रयोगशाळेत असं वागता का?’ तर म्हणतात, ‘वहिनी, तिथे पगार मिळतो, इथे मन आहे.’

हे मन कुठून आलं ते आपल्या पिढीला सांगायला नको. २००४ साली ‘श्वास’ आला. ‘श्यामची आई’ नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळालं आणि पाठोपाठ तो भारतातर्फे ऑस्करला निघाला. कोकणातला आजोबा, डोळ्याच्या कर्करोगाने दृष्टी जाणार असलेला नातू, आणि शस्त्रक्रियेआधी त्याला जग डोळे भरून दाखवण्याची आजोबाची धडपड. अरुण नलावडे आणि छोटा अश्विन चितळे. अमेरिकेत चित्रपटाचा गाजावाजा करायला पैसे हवेत हे कळलं तेव्हा राज्य सरकारपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांनी हातभार लावला. एखाद्या चित्रपटासाठी मराठी माणसाने अशी वर्गणी काढल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. गणपतीची काढतो, पण सिनेमाची?

नामांकन मिळालं नाही. २००९ मध्ये परेश मोकाशींची ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ गेली, २०१५ मध्ये चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ गेला. तीनदा भारताने मराठी चित्रपट पाठवला आणि तिन्ही वेळा अंतिम पाचांच्या यादीत आपण नव्हतो. ‘कोर्ट’ला तर २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दोन मोठी पारितोषिकं मिळालेली होती. वीरा साथीदारांनी उभा केलेला तो लोकशाहीर नारायण कांबळे, आणि तारखांवर तारखा देणारं ते न्यायालय, आजही आठवलं तरी अंगावर येतं.

मग अडतं कुठे? इथे जरा शाळामास्तरीण होते. या विभागात देशाने एकच चित्रपट पाठवायचा असतो. भारतातर्फे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने नेमलेली समिती निवडते. ही पहिली चाळणी. मग जगभरातून आलेल्या सत्तर-ऐंशी-नव्वद चित्रपटांतून अकादमीचे सभासद एक छोटी यादी काढतात, हल्ली ती पंधरांची असते. ही दुसरी. पंधरातून पाच, ही तिसरी. म्हणजे दिल्ली-मुंबई-चेन्नईतल्या चार माणसांना आवडलेला चित्रपट लॉस एंजेलिसच्या, लंडनच्या, सोलच्या माणसाने डिसेंबरच्या गर्दीत वेळ काढून बघायला हवा. तो त्याने बघावा म्हणून तिथला वितरक हवा, आणि वितरकाच्या खिशात पैसे हवेत. चांगला चित्रपट हे यातलं एक कलम. पत्रक भरताना आमचे धातुशास्त्रज्ञ तेवढंच एक कलम तपासतात.

२०२४ ची गंमत तर सांगायलाच हवी. पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ने त्या वर्षी कानमध्ये ग्रां प्री पटकावलं. मुंबईत राहून कंटाळलेल्या तीन बायकांची गोष्ट, शेवटी कोकणच्या समुद्राकाठी जाणारी. समितीने पाठवला मात्र किरण रावचा ‘लापता लेडीज’. आणि योगायोग बघा, दोन्ही चित्रपटांत आपली छाया कदम! एकात गावी परतणारी पार्वती, दुसऱ्यात रेल्वे फलाटावर चहाचा ठेला चालवणारी मंजू माई. आमच्या पत्रकात त्यावरून दोन तट पडले, आणि मी दोन्ही तटांना सांगितलं की छायाबाईंना कुठूनही घ्या, ऑस्करमध्ये त्या दिसणार नाहीत. तसंच झालं. ‘लापता लेडीज’ पंधरांतही आला नाही. पंधरांत आला तो संध्या सुरींचा ‘संतोष’, उत्तर भारतातली, हिंदी बोलणारी पोलीस शिपाई बाई. पण पाठवला होता ब्रिटनने! आपली गोष्ट, आपली भाषा, आणि पासपोर्ट त्यांचा.

आता हेच नाणं आपल्या जपानच्या बाजूने उलटून बघा. तोच ‘लापता लेडीज’ ऑक्टोबर २०२४ मध्ये इथे लागला आणि पुढच्या जानेवारीत जपान अकादमीच्या परदेशी चित्रपटांच्या पाचांत जाऊन बसला, ‘ओपनहायमर’च्या शेजारी. इथली पद्धत मला फार आवडते. इथे अंतिम पाचांना नुसतं ‘नामांकित’ म्हणत नाहीत. पाचही जण ‘युशूशो’ म्हणजे उत्कृष्ट पारितोषिकाचे मानकरी, आणि त्यांतून मार्चमध्ये एक ‘साइयुशूशो’, सर्वोत्कृष्ट. म्हणजे निकालाच्या रात्री कुणी रिकाम्या हाताने घरी जात नाही. आमच्या खेळातही ही पद्धत आणावी, असा ठराव धातुशास्त्रज्ञांनी मांडला होता. तो फेटाळण्यात आला, कारण श्रीखंड कुणीतरी करायलाच हवं.

जपानचीही एकाच चित्रपटाची अडचण असतेच. २०२३ साली इथल्या निर्मात्यांच्या संघटनेने पाठवला ‘परफेक्ट डेज’, टोकियोची सार्वजनिक शौचालयं निगुतीने घासणाऱ्या माणसाचा. दिग्दर्शक जर्मन, विम वेंडर्स. त्याला नामांकन मिळालं. पण त्याच वर्षी दुसऱ्या दाराने ‘गॉडझिला मायनस वन’ आत शिरला. आमच्या धाकटीने (वय तेव्हा अकरा) तिच्या पत्रकात दृश्य-करामतींच्या रकान्यात त्याचं नाव ठसठशीत लिहिलं. मोठी माणसं हसली. हॉलिवूडच्या शेकडो माणसांच्या फौजांपुढे इथली पस्तीसेक माणसं! मार्च २०२४ मध्ये बाहुली त्यांनीच नेली. ती नाचली, ओरडली, ‘आपण जिंकलो’ म्हणाली.

‘आपण.’ मी भांडी घासत होते, हात थांबले. २००२ मध्ये ‘लगान’ अंतिम पाचांत आला तेव्हा आम्ही ‘आपण’ म्हणालो होतो. तिचं ‘आपण’ गॉडझिला आहे, मियाझाकी आहे. यात वाईट काही नाही. ती इथे जन्मली, इथल्या शाळेत डबा नेते, मियाझाकीचे चित्रपट तिने आमच्या मांडीवर बसून पाहिलेत. प्रश्न इतकाच, की मराठी चित्रपट तिने ‘आपला’ कधी म्हणावा? तो इथे तिला दिसतो कुठे? ‘मुथू’ १९९८ मध्ये टोकियोत गाजला. त्यातले रजनीकांत म्हणजे घरचे शिवाजीराव गायकवाड, हे सांगून आम्ही कॉलर ताठ करून घेतो. ‘आरआरआर’ २०२२ पासून महिनोन् महिने चालला, तेव्हा आम्हीही त्सुकुबा एक्सप्रेस पकडून टोकियोला गेलो होतो. जपानी आज्या हातातले दिवे हलवत होत्या. मराठी चित्रपटाला मात्र कुणीतरी हॉल घ्यावा लागतो, मंडळाने निरोप धाडावे लागतात, आणि दुपारी दोनच्या खेळाला ‘बघू, जमलं तर येतो’ म्हणणारे आपणच असतो.

आमच्या गावातलीच एक गोष्ट इथे सांगते. त्सुकुबातल्या तातेनोला हवामानाच्या उंच थरांचा अभ्यास करणारी वेधशाळा आहे. १९२० च्या दशकात तिथे ओइशी वासाबुरो नावाच्या शास्त्रज्ञाने फुगे सोडून सोडून मोजमापं घेतली. आपल्या डोक्यावर फार उंचावर वाऱ्याचा एक अतिवेगवान झोत वाहतो, हे त्यांना दिसलं. हल्ली विमानात बसल्यावर वैमानिक ज्याला ‘जेट स्ट्रीम’ म्हणतो, तोच. ओइशींनी ते १९२६ साली जगासमोर मांडलं, पण एस्परांतो भाषेत. जगाला कळावं म्हणूनच ती भाषा निवडली होती बिचाऱ्यांनी! कुणी फारसं वाचलंच नाही. पुढे महायुद्धात अमेरिकन वैमानिक त्या वाऱ्यात सापडले तेव्हा कुठे त्याचा बोलबाला झाला. वारा तोपर्यंत वाहतच होता.

‘पण आपलं इतकं स्थानिक, परक्याला कसं कळणार?’ असं आमच्यात कुणी म्हणालं की मी ‘ओकुरिबितो’चं नाव घेते. यामागाताच्या थंडीत प्रेताला अंघोळ घालून, सजवून, पेटीत ठेवणाऱ्या माणसाची ती गोष्ट. याहून स्थानिक काय असणार? २००९ मध्ये तिने भल्याभल्यांचे अंदाज धुळीला मिळवून परदेशी चित्रपटाचं ऑस्कर नेलं. २०२५ मध्ये जपानने पाठवलेला ‘कोकुहो’ काबुकीतल्या स्त्री-भूमिका करणाऱ्या पुरुषांचा, जवळजवळ तीन तासांचा. ज्याच्या घरात बालगंधर्वांचा फोटो होता त्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

आणि आता आपल्याकडे ‘साबर बोंडं’ आहे. रोहन कानवडे यांचा हा पहिला मोठा चित्रपट. जानेवारी २०२५ मध्ये तो सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी जातो. नातेवाइकांचं ‘लग्न कधी?’ चालूच असतं, आणि गावातल्या बाळ्याशी त्याची जुनी जवळीक पुन्हा हळूहळू उमलते. दोन पुरुषांचं प्रेम म्हणून काहींच्या कपाळावर आठी येईल. आमच्यातही आली. पण मला बोचलं ते दुसरंच. दहा दिवस! आपल्यापैकी किती जणांना ते दहा दिवस मिळाले? तिकीट, रजा, मुलांची शाळा, आणि गेलो तोवर सगळं आटोपलेलं. ज्यांना तेवढंही जमलं नाही त्यांनी इथे बसून फोनवर मंत्र ऐकले. त्या गावच्या अंगणात बसून राहण्याची गोष्ट आपल्याइतकी कुणाला कळेल?

२०२५ साली समितीने नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ निवडला. चित्रपट तोलामोलाचा, तक्रार नाही. पण एक आकडेमोड करून ठेवली आहे, ती तुम्हालाही देते. ‘लगान’नंतर २०२५ पर्यंत भारताने पाठवलेला एकही कथापट अंतिम पाचांत आला नाही. याच काळात दुसऱ्या दारांनी मात्र ये-जा चालू होती: २०२२ मध्ये ‘रायटिंग विथ फायर’, २०२३ मध्ये ‘ऑल दॅट ब्रीद्स’ला नामांकन, ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ आणि ‘नाटू नाटू’ला प्रत्यक्ष बाहुली, २०२४ मध्ये ‘टू किल अ टायगर’, २०२५ मध्ये ‘अनुजा’. माहितीपट, लघुपट, गाणं. काहींचे पैसे परदेशातले, पण गोष्टी सगळ्या आपल्याकडच्या. पहिली बाहुली तरी कुठल्या दाराने आली? १९८३ मध्ये कोल्हापूरच्या भानू अथैयांना, ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी.

तेव्हा माझा अंदाज असा. मराठीतलं पहिलं नामांकन देशाच्या चित्रपटाच्या रकान्यात येणार नाही. ते माहितीपटात किंवा लघुपटात येईल, पाच वर्षांच्या आत येईल, आणि तो चित्रपट मुंबई-पुण्याचा नसेल. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या कुणीतरी तीन-चार वर्षं एका गावात तळ ठोकून केलेला असेल. पत्रकात मी तो रकाना वेगळा आखून घेतला आहे. धातुशास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते पुढच्या खेपेला समिती सुधारणार. मी त्यांना दह्याची दुकानं सांगून ठेवली आहेत. धाकटीने तिकडे लक्षच दिलं नाही. ‘साबर बोंडं’ म्हणजे नेमकं कसलं फळ, त्याला काटे असतात तर खातात कसं, हे ती परवापासून तिच्या आजोबांना फोनवर विचारते आहे.