तिलाही एक केटी लागू दे

बारावीचा निकाल लागला की पुढचे आठ-दहा दिवस सगळ्या पेपरांत एकच फोटो असतो. पत्र्याचं घर, दारात उभी मुलगी, आई तिला पेढा भरवतेय आणि वडील बाजूला थोडे अवघडून उभे. खाली ओळ असते, धुणीभांडी करणाऱ्या आईच्या लेकीला त्र्याण्णव टक्के, तिला इंजिनिअर व्हायचंय. हा फोटो मला आवडतो. डोळे भरून येतात, खोटं कशाला सांगू? पण अलीकडे तो बघताना मनात वेगळंच येतं. त्याच गल्लीत एखादी मुलगी अठ्ठावन्न टक्क्यांचीही असेल. तिच्या आईनेही तेवढीच धुणीभांडी केली असतील. तिचं काय?

तिचा फोटो येत नाही, ते एक वेळ ठीक आहे. पण तिला पुढे शिकवायचं का, यावर घरात खल सुरू होतो. तिच्या भावाला अठ्ठावन्न टक्के पडले तर असा खल होत नाही. पैसे कुठून उभे करायचे, एवढीच चर्चा होते. मुलगा सर्वसाधारण असला तरी शिकतो. मुलीने शिकायचं तर तिने असामान्यच असलं पाहिजे, असं आपण नकळत ठरवून टाकलंय का?

आमच्या संभाजीनगरात जून ते ऑगस्ट हा प्रवेशाचा मोसम. उस्मानपुऱ्याच्या बाजूला शासकीय अभियांत्रिकी आणि शासकीय तंत्रनिकेतन, दोन्ही हाकेच्या अंतरावर. त्या रस्त्यावर थोडा वेळ उभं राहून बघा. पैठण, वैजापूर, कन्नड, सिल्लोड, कुठून कुठून आलेली माणसं. वडिलांच्या हातात प्लास्टिकची फाईल, त्यात उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर, जातवैधतेची पावती. मुलगी झेरॉक्सच्या दुकानात रांगेत. आई आली असेल तर पिशवीत डबा घेऊन झाडाखाली बसलेली. हे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं १९६० साली. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठच मुळी १९५८ मध्ये मिळालं. त्या काळी इंजिनिअर व्हायचं म्हणजे घरातल्या थोरल्या मुलानं, तेही घर बरं असेल तर. आज त्याच फाटकातून तालुक्याच्या मुली आत जातात, ही काही लहान गोष्ट नाही.

आणि आता तर फीसुद्धा माफ आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. त्याआधी निम्मी माफी होती. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आधीपासून आहेच. यात एक खाच मात्र लक्षात ठेवा. प्रवेश सरकारी कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातली सीट असेल, किंवा खासगी वा अभिमत विद्यापीठ असेल, तर ही माफी नाही. चकचकीत माहितीपत्रक हातात देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा.

निर्णय चांगला आहे, मनापासून चांगला. पण फी माफ झाली म्हणजे सगळं झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी मुलीला परगावी ठेवलेलं नसावं. खोलीचं भाडं, डिपॉझिट, मेस, ड्रॉइंगचं सामान, वर्कशॉपचा ड्रेस, आणि लॅपटॉप. मुली आपल्या घरी मागत नाहीत असं सामान तर वेगळंच. एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. पण ती मोजक्याच जणींना मिळते, आणि मिळाली तरी महिन्याला ४,१६६ रुपये पडतात. त्यात खोली धरायची की जेवण धरायचं, हे तुम्हीच सांगा. सरकारी वसतिगृह मिळालं तर सुटलो. नाही मिळालं तर स्वाधार योजना, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अशी नावं शोधत बसायचं. ती नावं गावातल्या आईला कोण सांगणार?

रोज ये-जा करावी म्हटलं तर एसटीचं गणित आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतून खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, पण बारावीपर्यंत. बारावी झाली की सवलतीचा विद्यार्थी पास काढायचा, त्यात एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. पैठणहून इथे यायला पन्नासेक किलोमीटर, तेवढंच जायला. सकाळी प्रॅक्टिकल असेल तर पहिली गाडी. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत अंधार, आणि अंधार पडला की ओट्यावरच्या बायका वाट बघत बसलेल्याच असतात, "आली का गं कालेजातून?" म्हणायला.

हे सगळं पार करून मुलगी पहिल्या वर्षात बसते. आणि मग लागते केटी.

ज्यांच्या घरात कुणी इंजिनिअरिंगला गेलेलं नाही त्यांना हा शब्द पहिल्यांदा कळतो तोच मुळी धक्का म्हणून. काही जण 'बॅक राहिला' म्हणतात. पहिल्या सेमिस्टरला गणितात किंवा ड्रॉइंगमध्ये विषय राहतो. का राहणार नाही? दहावीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे मराठीत शिकलेली पोर. एकदम जाडजूड इंग्रजी पुस्तकं, वेगात बोलणारे सर, वर्गात शहरातल्या इंग्रजी शाळांची मुलं पटापट उत्तरं देतात. ड्रॉइंग तर सगळ्यांनाच नवं, वस्तू समोरून, वरून, बाजूने कशी दिसेल ते कागदावर आणायचं. त्यात घरापासून पहिल्यांदाच लांब, मेसचं पाणीदार वरण आणि रात्री पांघरुणात तोंड घालून रडणं. २०२१ पासून इंजिनिअरिंग मराठीतून शिकवायला एआयसीटीईची परवानगी आहे, पण बहुतेक कॉलेजांत अजून इंग्रजीच चालतं. पहिल्या वर्षी विषय राहणं हे यात आश्चर्याचं नाहीच.

आणि केटी म्हणजे नापास नव्हे. पुढच्या वर्षात बसू देतात, राहिलेला विषय पुन्हा परीक्षा देऊन काढायचा असतो. किती विषय राहिले तर पुढे बसता येतं, याचे नियम मात्र सगळीकडे सारखे नसतात. आमच्याच भागात काही कॉलेजं लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली, काही स्वायत्त. म्हणून नियम पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावा. कारण वर्ष खरोखरच वाया गेलं, वरच्या वर्गात जाता आलं नाही, तर 'प्रगती'चा पैसा थांबतो. केटीत तसं होत नाही. केटी हा मुलांच्या कट्ट्यावरचा रोजचा शब्द आहे. दोन-तीन केट्या घेऊन हिंडणारे आणि पुढे वाळूजच्या कंपनीत व्यवस्थित साहेब झालेले कितीतरी जण आपल्या नात्यात सापडतील. त्यांच्या लग्नात कुणी केट्या मोजल्या नाहीत.

मुलीची केटी मात्र मोजली जाते. फोनवर बातमी कळली की घरात एक विचित्र शांतता पसरते. मग कुणी तरी म्हणतं, "झेपत नसेल तर राहू दे." ऐकायला किती मायेचं वाटतं ना? आत्या म्हणते, चांगलं स्थळ आलंय, मुलगा पुण्याला आहे, लग्नानंतरही शिकवतील. लग्नानंतर शिकवतील हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. शिकवलेल्या किती जणी माहिती आहेत, त्या बोटावर मोजून बघा. ही माझी अतिशयोक्ती नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २२ टक्क्यांच्या आसपास होतं. आपल्या मराठवाड्यातल्या बीड आणि परभणी जिल्ह्यांत ते ४० टक्क्यांच्या वर होतं. अशा मुलखात एकोणीस वर्षांची मुलगी परगावी शिकते आहे, हेच मुळी घराने भावकीशी भांडून मिळवलेलं असतं. एक केटी त्या भांडणात समोरच्याच्या हातात काठी देते. मुलीलाही ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून ती निकाल लपवते, आणि लपवला की फॉर्मची तारीख हुकते.

मुलींना धीर द्यायला आपण मोठमोठ्या गोष्टी सांगतो. सुधा मूर्तींची गोष्ट तर पाठच आहे. हुबळीच्या कॉलेजात त्या एकट्याच मुलगी, बाईसाठी स्वच्छतागृहसुद्धा नाही, आणि पुढे पुण्याच्या टेल्कोत पहिल्या महिला इंजिनिअर. गोष्ट खरी आहे, सांगायलाच हवी. पण त्या पहिल्या नंबराच्या विद्यार्थिनी होत्या आणि वडील डॉक्टर होते, हे सांगताना निसटतं. मग ऐकणारीला वाटतं, इतकं जमलं तरच आपण लायक.

त्यापेक्षा मला ए. ललिता यांच्या गोष्टीतली एक बारीक गोष्ट मोलाची वाटते. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात चार महिन्यांची मुलगी. मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात वडीलच प्राध्यापक होते, त्यांनी खटपट करून प्रवेश मिळवून दिला. १९४३ मध्ये त्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या, आपल्या देशातल्या पहिल्या महिला इंजिनिअरांपैकी एक. पण त्या वसतिगृहात राहून शिकत असताना ती तान्ही मुलगी कुठे होती? भावाच्या घरी, त्याच्याही तेवढ्याच लहान मुलीबरोबर वाढत होती. म्हणजे त्या घरातल्या कुणा बाईने दोन तान्ही एकदम सांभाळली. तिचं नाव कुठे छापलेलं मला दिसलं नाही. ललिताबाई हुशार होत्याच, पण ती पदवी त्या वहिनीच्या हातांवरही उभी आहे.

आपल्याकडे अशा लेकी-सुना आता दिसू लागल्या आहेत. दहावीनंतर लग्न झालं, मूल शाळेत जायला लागलं, एमएस-सीआयटी करताना पहिल्यांदा माऊस धरला आणि वाटलं, अरे, हे तर जमतंय. मग पॉलिटेक्निकचा फॉर्म. डिप्लोमा तीन वर्षांचा, दहावीवर होतो, आणि तो झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. डिप्लोमा म्हणजे कमी प्रतीचं काही नव्हे. बारावीची घोकंपट्टी टाळून हात चालवत शिकायची ती चांगली वाट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. लातूरला तर मुलींसाठी शासकीय निवासी तंत्रनिकेतनच आहे. पण या सुनांच्या घरी सासूबाईंनी चार तास नातवंडाला बघितलं नाही, तर सगळ्या योजना कागदावरच राहतात. फीमाफीच्या निर्णयात सासूबाई कुठून बसवणार?

तेव्हा ज्यांच्या लेकी यंदा पहिल्या वर्षाला गेल्या आहेत त्यांना एवढंच सांगते. तिला जाताना "पहिली ये" म्हणू नका. एखादा विषय राहिला तर लपवू नकोस, आधी मला फोन कर, असं दारातच सांगा, आणि शक्यतो तिच्या वडिलांच्या समोर सांगा म्हणजे ते दोघांचं बोलणं होईल. निकाल लागला की किती विषय राहिले, पुन्हा परीक्षा कधी आणि फॉर्मची शेवटची तारीख कोणती, एवढे तीन प्रश्न विचारा. सीनियर मुलींपैकी कुणाचा तोच विषय निघालाय ते तिला शोधायला लावा. जुन्या नोट्सही तिथेच मिळतात. आणि दिवाळीला घरी आल्यावर आत्याबाईंनी स्थळाचा विषय काढलाच, तर चहा टाकायला तुम्ही स्वतः उठू नका. तिथेच बसून राहा आणि सांगा, तिची परीक्षा आहे.